नववं कडवं

आंजिको, ४ ऑगस्ट १९७३

फिलोमेनाताई,

ही वेडीवाकडी अक्षरं तुला सुखरूप सापडोत. पत्ता झेका ट्रकवाल्याच्या बहिणीने दिला. साओ पावलोत तू कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला आहेस, एवढंच ती म्हणाली. तुला वाचता येत नाही, तेव्हा हे कुणीतरी वाचून दाखवत असणार. वाचणाऱ्या बाई, तुम्हाला नमस्कार. अक्षर माझंच आहे. रेडिओवरच्या शाळेत शिकले, डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागल्यावर. हसू नका.

ताई, आई आजारी आहे. पाय सुजलेत, दोन पावलं चालली की धाप लागते. क्रातोच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं. शेजारची जेनेरोझा काकू म्हणते, "मोठं कसलं! नवरा गेल्यापासून कुणावर माया केली नाही, ती साठून साठून फुगलं असेल." काकूच्या जिभेला अजून हाड आलेलं नाही.

परवा आई टांगलेल्या झोळीतून उठून बसली आणि म्हणाली, "मेनाला बोलाव." अकरा वर्षांत तुझं नाव पहिल्यांदा घेतलं. मी विचारलं, कशाला? तर म्हणते, "माझ्या उशाशी बसायला. बारा मोजता येत नसले तर मोजायचं तू बघ. पण आवाज तिचाच पाहिजे. त्या नेउझाचा नको. ती गाते आहे की दाराला शेळी बांधली आहे तेच कळत नाही."

वाचणाऱ्या बाई, तुम्ही शहरातल्या असाल तर तुम्हाला हे ठाऊक नसेल. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या उशाशी एक बाई बसते आणि पायाशी एक. उशाची कडवं उचलते, पायाची ते झेलते. एक, दोन, तीन असं म्हणत बारा कडवी. एकदा सुरू केलं की मोडायचं नाही, छप्पर पेटलं तरी नाही. कारण पहिल्या कडव्याला माता मारिया गुडघे टेकते आणि बारावं संपेपर्यंत तिला उठता येत नाही. मोडलेलं पुन्हा पहिल्यापासूनही धरता येत नाही. जिथे मोडलं तिथूनच उचलायचं, आणि तेही उशाशी जी बसली होती तिनेच. आमच्या वडिलांचं नवव्या कडव्याला मोडलं. माझी बहीण मोजायला चुकली, आणि नऊ दिवसांनी ट्रकच्या फळीवर बसून निघून गेली. तेव्हापासून बाबांचा आत्मा दारात अडकलेला आणि माता मारिया गुडघ्यांवर.

ताई, तू ये. बाबांचं राहिलेलं पुरं कर, आणि आईची वेळ आली की आपण दोघी बसू. जुनं उकरून काढायला मला वेळ नाही. मी तर तुला केव्हाच माफ केलं आहे.

तुझी,
किटेरिया

आंजिको, २७ ऑगस्ट १९७३

ताई,

उत्तर नाही. टपालाच्या खिडकीवरचा माणूस आता मला लांबून बघूनच मान हलवतो. तुझी सवय काही गेली नाही. लहानपणीसुद्धा रुसलीस की तू एक शब्द बोलायची नाहीस आणि मारही मलाच बसायचा.

आई रात्रंदिवस एकच विचारते. काल म्हणाली, "मला अर्धवट गाण्यावर पाठवू नका. तुमच्या बापासारखं चौकटीत उभं राहायचं नाही मला." मी म्हटलं, नेउझा आणि मी आहोत की, एवढ्या वर्षांत पंचक्रोशीत आमचं एक गाणं मोडलेलं नाही. तर म्हणाली, "मोडलेलं नाही, पण जुळलेलंही नाही." आता सांग, यावर काय बोलायचं? नेउझा कडवं इतकं ओढते की मधल्या मधे मेलेला माणूस उठून पाणी पिऊन येईल.

जुआच्या झाडावर त्या चामडी-डगला पाखरांची जोडी अजून आहे. गुराख्याच्या अंगरख्यासारखे तांबूस, डोक्यावर तुरा, आणि घरटं म्हणजे काट्याकुट्यांचा ढीगच. सकाळ झाली की दोघं फांदीवर समोरासमोर बसून अंग थरथरवत ओरडायला लागतात. आई आपल्याला त्या झाडाखाली उभं करून विचारायची, "सांगा, यातलं कुठलं कुणाचं?" आपल्याला कधी सांगता यायचं नाही. मग म्हणायची, "असं गायचं. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरीचा लागलेला असला पाहिजे, शिवण दिसता कामा नये."

मे महिन्यात त्यातला एक सापाने खाल्ला. उरलेला आपलं अर्धं म्हणायचा आणि थांबायचा, पुन्हा अर्धं म्हणायचा आणि थांबायचा. मी झाडू हातात घेऊन अंगणात उभी राहायची आणि मलाच उरलेलं म्हणावंसं वाटायचं. पाचव्या दिवशी कुठूनतरी नवा आला. महिन्याभरात असं जमलं की गेलेला कोण होता तेही कुणी विचारणार नाही. तू गेल्यावर जोडीला नेउझाला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की माणसांचंही तसंच होत असेल.

एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. आई म्हणायची तशीच आपण गायचो, शिवण दिसायची नाही. पण बाहेर पडताना लोक काय म्हणायचे? "मेना काय गाते!" मेना. आवाज दोघींचा आणि नाव एकीचं. मी तिथेच पायाशी बसलेली असायची, ताई. मला कुणी साधी कॉफीसुद्धा आधी विचारली नाही.

असो. काजूला फळ धरलंय यंदा. लवकर निघालीस तर खायला मिळेल.

किटेरिया

आंजिको, २० सप्टेंबर १९७३

ताई,

तुझं पत्र आलं. वाचणाऱ्या बाई, पत्राखाली तुमचं नाव वाचलं; दोना इव्होने, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. सहाच ओळी होत्या, मी त्या उभ्याउभ्याच वाचल्या. आईबद्दल वाईट वाटलं, मालकीण सुट्टी देईल, तू गेल्या अकरा वर्षांत एकदाही गायली नाहीस, भांडी घासतानासुद्धा नाही. आणि शेवटी: "किटाला विचारा, वाटीत दाणे किती होते."

सहा दिवस ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. आई विचारायची, काय म्हणते मेना? मी म्हणायची, बरी आहे.

दोना इव्होने, पुढचं वाचताना दार लावून घ्या. आणि हळू वाचा. माझ्या बहिणीला मधे थांबवायचं असेल तर थांबवू द्या.

बाबा सकाळी गेले होते. उकाडा असा की दिवस मावळायच्या आत पुरायला हवं होतं. भर दुपारी बसलो. तू उशाशी, मी पायाशी, आणि जेनेरोझा काकू माझ्या शेजारी भोपळ्याची वाटी घेऊन, एक कडवं झालं की वाटीत घेवड्याचा एक दाणा. काकू रडत होती. हात आपोआप दाणा टाकत होता, पण आकडा तिला ठाऊक नव्हता. सहाव्या कडव्याला खोगीरवाल्याची बायको माझ्या मागे कुजबुजली, "मेनाचा आवाज ऐक गं, अंगावर काटा येतो." तेव्हा, ताई, आवाज माझा चालू होता. तू श्वास घेत होतीस. तो माझा आवाज होता.

मी आतून पेटले. ओठ गात राहिले आणि डोकं दुसरीकडेच गेलं. तू नववं उचललंस तेव्हा माझ्या हिशेबाने आठवं यायला हवं होतं. मला खरंच वाटलं की तू चुकलीस. एवढं मात्र खरं आहे, यावर विश्वास ठेव. आणि मला आनंद झाला. बाप समोर पडलेला आणि मला आनंद झाला. चूक असली तरी गात राहायचं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "थांब! आठवं झालंच नाही."

तू म्हणालीस, "झालं, किटा. म्हण पुढे." किती हळू म्हणालीस. मी म्हटलं नाही. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, जन्मात पहिल्यांदा. आणि मी एरवी तोंड न उघडणारी, म्हणून माझंच खरं धरलं त्यांनी. आई ओरडली, "दाणे मोजा!" वाटी माझ्या पायाशीच होती. मी खाली बसून मोजले. आठ होते. पुन्हा मोजले. तेव्हाही आठच.

काकूने विचारलं, "किती गं?"

मी म्हणाले, "सात."

मग मागच्या दारी जाऊन ते दाणे मी कोंबड्यांना टाकले. आत आई तुला पुन्हा उशाशी बसू देत नव्हती, म्हणत होती, "बापाला चौकटीत अडकवून ठेवलंस ना!" ते मला मागच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. त्या वेळीसुद्धा आत येऊन सांगता आलं असतं. ट्रक निघाला तेव्हाही सांगता आलं असतं. मधे नऊ दिवस गेले होते.

आणि वर तुला लिहिलं की मी तुला माफ केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

आठ होते, ताई. तू बरोबर होतीस.

किटेरिया

आंजिको, ९ ऑक्टोबर १९७३

ताई,

तुझं दुसरं पत्र आलं. "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. मी मोजत होते. ज्यांनी ऐकलं त्यांना सांग." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

परवा सकाळी मी आईला सांगितलं. तिची कॉफी घेऊन गेले होते, ती तशीच हातात. सगळं सांगितलं, वाटी, दाणे, कोंबड्या. आईने माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तेव्हापासून रोज तू मला ही कॉफी आणून देतेस."

मी म्हटलं, "हो, आई."

"पोटात हे ठेवून? आणि मी म्हणत होते की धाकटी तरी देवमाणूस निघाली! पोटची पोर मी घराबाहेर काढली, किटेरिया. तुझ्या शब्दावर काढली. अकरा वर्षांत तुझी जीभ एकदा तरी वळवळली नाही?"

मी पेला पुढे केला. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणीही घेत नाही. मक्याची कुसकुस मी शिजवते, पण भरवायला जेनेरोझा काकू येते. काकूने विचारलं, "काय झालं गं मायलेकींचं?" आईने माझ्याकडे पाहून म्हटलं, "विचार तिलाच. सांगायची धमक असेल तर सांगेल." मी चुलीतली राख काढत बसले. नाही सांगितलं. तुला मी खोटं लिहिणार नाही आता.

काल तिने मला हाक मारली. मला वाटलं, विरघळली. तर म्हणाली, "मी मेल्यावर माझ्या पायाशी बसायचं नाहीस तू. ज्या तोंडाने सात म्हणालीस त्या तोंडाने माझं एकही कडवं म्हणायचं नाही."

ताई, मला हे एकच येतं गं. लग्न नाही, मूल नाही, शेत नाही. कुणी गेलं की लोक दारात येऊन म्हणतात, किटेरियाबाई, चला. तेवढ्याने मी इथे कुणीतरी आहे. गावाला सांगितलं तर तेही जाईल. तू म्हणशील, तुझंही हेच गेलं होतं. हो. ते मला आत्ता लिहिताना कळलं. लाज वाटते.

ती झपाट्याने खाली चालली आहे. सुट्टीची वाट बघू नकोस, मिळेल ती बस पकड.

किटेरिया

आंजिको, २२ ऑक्टोबर १९७३

ताई,

तार मिळाली असेल. आई बुधवारी सकाळी गेली. बस तीन दिवस घेते आणि इथे ऊन तीन तास थांबू देत नाही, म्हणून तुझ्यासाठी थांबलो नाही. काकूने तिला निळा झगा घातला. मला हात लावू दिला, शेवटी, पायांना. सूज सगळी उतरली होती.

दुपारी बाया जमल्या. नेउझा उशाशी जाऊन बसली आणि घसा खाकरला. पायाशी जागा मोकळी होती. मी दाराजवळ उभी.

"बस ना गं," नेउझा म्हणाली. "ऊन चढतंय."

मी म्हटलं, "मला बसायचं नाही."

"दुःख आम्हालाही आहे बाई. पण तू नखरे केलेस तर गाणार कोण?"

काकू म्हणाली, "आईने गाणं सोडवलं होतं ना तुझ्याकडून? मला तेव्हाच वाटलं. काय केलंस तू, किटा?"

तेव्हा मी सांगितलं. आईच्या पायांकडे बघत सांगितलं, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. वाटीत आठ होते, मी सात म्हणाले, फिलोमेना चुकली नव्हती, गाणं मी मोडलं. दोन वाक्यांत संपलं. एवढी वर्षं मला ते केवढं मोठं वाटत होतं!

मग खोगीरवाल्याची बायको उठली आणि तोंडावर शाल घेऊन बाहेर गेली. जेनेरोझा काकू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला म्हणालीस सात. मी साऱ्या गावाला सात सांगत फिरले. देवळात सांगितलं, बाजारात सांगितलं. त्या पोरीला ट्रकवर चढताना मी निरोपसुद्धा दिला नाही, पाठ फिरवली." तिचा हात वर आला. मला वाटलं मारणार. मारायला हवं होतं. तिने तो हात तोंडावर धरला आणि खाली बसली.

नेउझाने एकटीने उचलायला नकार दिला. दुसरी कुणी पायाशी बसायला तयार होईना, मोडलं तर काय या भीतीने. म्हणून आई गाण्याशिवाय गेली, ताई. आंजिकोत असं कधी झालेलं नाही. झोळीत घालून चौघांनी नेली आणि वाटेत फक्त चपलांचा आवाज होता. मी सर्वांत मागे चालत होते. माझ्याबरोबर कुणी चाललं नाही.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. आईचं एक कडवंसुद्धा झालं नाही, आणि तेही माझ्यामुळेच. पण तू म्हणालीस तसं केलं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांना सांगितलं.

आता तू ये असं मी लिहिणार नाही. कुठल्या तोंडाने लिहू?

किटेरिया

आंजिको, १८ नोव्हेंबर १९७३

ताई,

या महिन्यात दोघं गेले गावात. मला बोलावणं आलं नाही. विहिरीवर मी गेले की बाया घागरी उचलतात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शिक्षेचे दिवस मोजायचे असतात का? मी नाही मोजत. मोजण्यात माझा हात चांगला नाही.

काल सकाळी जेनेरोझा काकू आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "कागद आण. आणि मी सांगते तेवढंच लिहायचं. तुझं डोकं त्यात घालायचं नाही." पुढचं तिचं आहे:

"अनिझियोची मुलगी फिलोमेना हिने बापाच्या उशाशी बसून बरोबर मोजलं. आठ झाली होती आणि तिने नववं उचललं. आम्ही त्या घरात होतो. आम्ही तिला चुकीची म्हणालो आणि पाठ फिरवली. ते आमचं चुकलं."

मी विचारलं, "आई-बाबांचं गाणं राहिलंय, त्याबद्दल लिहू का?"

"नको. तिला वाटेल गरजेपोटी लिहिलं. यायचं तर ती येईल, नाही तर राहील. आपण बोलावणं पाठवत नाही आहोत. आपण तिचं तिला परत देतोय."

मग तिने तव्याखालची काजळी खरवडली, त्यात तेल कालवलं आणि स्वतः घरोघर फिरली. त्या दुपारी बाबांच्या खोलीत आपण दोघी धरून एकवीस बायका होतो. सात वारल्या, तीन बाहेरगावी दिल्या. तू तिकडे. उरल्या दहा. नेउझा तेव्हा तिथे नव्हती, तरी भांडली की माझाही अंगठा घ्या. काकूने घेतला नाही.

दोना इव्होने, पुढच्या पानावर वाचण्यासारखं काही नाही. ते पान माझ्या बहिणीच्या हातात द्या. तिथे दहा अंगठे आहेत. मोठा, पुसटलेला आहे तो जेनेरोझा काकूचा. ज्याच्यावर कापल्याची रेघ आहे तो खोगीरवाल्याच्या बायकोचा. ती अंगठा देऊन तिथेच रडत बसली.

सगळ्यात वरचा माझा. मला सही करता येते. पण बाकीच्या नऊ जणींना येत नाही, आणि तुलाही.